मांजराला हाकलत बसू नका ताई, वाफा बंद करा

पाचोऱ्याहून एका ताईंचं पत्र आलंय. मोठं होतं, थोडक्यात देते:

"ताई नमस्कार. आमच्या घरामागे पंधरा बाय वीस फुटाची जागा आहे, त्यात मी मेथी, पोकळा, कोथिंबीर, वांगी, मिरची लावते, भिंतीवर गिलक्याचा वेल आहे. दोन वर्षापासून गल्लीतल्या मांजरांनी नको करून टाकलंय. चार-पाच आहेत, शेजारच्या काकू त्यांना रोज दूध-पोळी घालतात आणि शी करायला ती आमच्या वाफ्यात येतात. आत्ता मेथी पेरली तर तिसऱ्या दिवशी सगळं बी उकरलेलं. वास येतो तो वेगळाच. एक पांढरं आहे, निळ्या डोळ्यांचं, ते तर कितीही ओरडा, ढिम्म हलत नाही. मिस्टरांनी डांबरगोळ्या टाकून पाहिल्या, फिनाईल ओतलं, भिंतीवर लाल पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, काही फरक नाही. काकूंशी कडाक्याचं भांडण झालंय, बोलणं बंद आहे. आता दीर म्हणतात उंदराचं औषध दुधात कालवून ठेवा, विषय संपेल. मला ते पटत नाही पण दुसरं काही सुचत पण नाही. सूनबाईला सातवा महिना आहे, मांजराच्या घाणीने पोटातल्या बाळाला काही होतं असं कोणीतरी सांगितल्यापासून झोप लागत नाही. काय करू?"

ताई, सगळ्यात आधी ते औषध. घरात आणून ठेवलं असेल तर आजच तिथून हलवा, आणि दिरांना माझं नाव सांगून सांगा की हे करायचं नाही म्हणजे नाही. आपल्याकडे शेतावर जी काळपट पावडर वापरतात ना, झिंक फॉस्फाईड, ती पोटात गेली की तिथल्या आम्लाशी मिळून फॉस्फिन नावाचा विषारी वायू तयार होतो आणि त्याच्यावर उतारा नाही. दुसरं ते वड्यांचं मिळतं, ब्रोमॅडिओलोनचं, त्याने रक्त गोठायचं थांबतं आणि जनावर दोन-चार दिवसांनी आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतं. म्हणजे ते तुमच्या अंगणात पटकन मरून पडेल आणि विषय संपेल असं होतच नाही, ते कोणाच्या तरी माळ्यावर, नाहीतर पाण्याच्या टाकीमागे जाऊन तडफडून मरणार, आणि ती दुधाची वाटी मांजरच पिईल हे कोणी सांगितलं, गल्लीतलं एखादं लेकरू रांगत जाईल, कुत्रं पिईल, कावळा चोच घालेल. आणि हा गुन्हा आहे. जनावरांना क्रूरपणे वागवायला बंदी करणारा कायदा १९६० पासून आहे, आणि १ जुलै २०२४ पासून जी नवीन भारतीय न्याय संहिता लागू झाली तिच्या कलम ३२५ मध्ये जनावर मारणं किंवा लुळंपांगळं करणं यासाठी पाच वर्षापर्यंत कैद आहे. आपल्या आज्या म्हणायच्या ना, मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला द्यावं लागतं, त्याशिवाय ते पाप फिटत नाही. माझी आजी वाफ्यात मांजर दिसलं की झाडू घेऊन धावायची, पण आम्हा पोरांना सांगायची "हुसकाव तिले, पन मारू नको". मी पण तुम्हाला तेच सांगतेय.

डांबरगोळ्या पण उचला. हातमोजे घालून एकेक वेचून काढा, मातीत बुडालेल्या असतील तर तेवढी माती पण काढा. नॅप्थलिन असतं ते, कपाटात ठेवायची वस्तू आहे, भाजीच्या मातीत टाकायची नाही. मांजराने खाल्लं तर विषच, आणि लहान मुलांना ती गोळी पेपरमिंटसारखी दिसते. यावरून आठवलं, तुमच्या घरात बाळ येणार आहे तर जुनी दुपटी, लंगोट, झबली ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवली असतील ती आत्ताच काढून, दोन-तीनदा धुऊन, चांगली कडक उन्हात वाळवून घ्या. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मतःच कमतरता असते, ते आधी कळतही नाही, आणि त्या बाळांना नॅप्थलिनच्या वाफेने सुद्धा रक्तपेशी फुटून जोराची कावीळ होऊ शकते. मांजराच्या पत्रात हे कशाला म्हणाल, पण पत्रात डांबरगोळ्या आणि सातवा महिना एकत्र वाचल्यावर मला हे सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

फिनाईलचं पण तसंच. मांजराच्या लिव्हरला फिनाईलसारख्या गोष्टी पचवता येत नाहीत, माणूस किंवा कुत्रा जे पचवेल ते मांजर नाही पचवू शकत. ते फिनाईल पित नाही, पण पंजाला लागतं आणि मग ते दिवसभर पंजे चाटत बसतं. शिवाय तुम्ही फिनाईल ओतलेल्या मातीतली भाजी खाणार का ताई? तो कोपरा भरपूर पाणी घालून सोडून द्या, ह्या सीझनला तिथे खायचं काही लावू नका.

आणि एक गोष्ट तुम्ही केलेली नाही पण कोणी ना कोणी सुचवणारच, तिखटाची. मी केलंय ते. सात-आठ वर्षं झाली असतील, माझ्या कोथिंबिरीच्या वाफ्यावर मी घरचं लाल तिखट भुरभुरवलं, आपल्याकडचं तिखट कसं असतं माहितीये तुम्हाला. दुपारी बघते तर एक करडी मांजरी भिंतीच्या कडेला बसून पंजाने डोळा पुसतेय, पुसतेय आणि थांबतच नाहीये, कारण पंजालाच तिखट लागलेलं, जितकं पुसेल तितकं जास्त आत जातंय. जवळ जाऊ देईना, पाणी मारता येईना. दोन दिवस तिचा तो डोळा बंद होता. त्यानंतर मी वाफ्यावर असलं काही टाकलं नाही, आणि कोणाला टाकू पण देत नाही.

आता मूळ मुद्दा. तुम्ही लोक मांजराला घाबरवायच्या मागे लागलात, पण मांजर तुमच्याकडे येतं कशाला हे कोणी बघितलंच नाही. मी बघितलंय. थंडीचे दिवस होते, पहाटे चहा ठेवला आणि खिडकीतून बघत उभी राहिले. ती मांजरी भिंतीवरून उतरली, वांग्यांच्या मधून गेली, तिथे थांबली पण नाही, कारण तिथली माती दाबलेली, कडक. पालकाच्या वाफ्यात पाय ठेवला, ओली माती पंजाला लागली, पंजा झटकला आणि बाहेर. मग मी आदल्या दिवशी भुसभुशीत करून ठेवलेला वाफा, तिथे आली, नाक मातीला लावून हुंगत हुंगत एक जागा ठरवली, पुढच्या पंजाने चार-पाचदा उकरलं, बसली, उठली, वळून हुंगलं, आणि मग तिन्ही बाजूंनी माती ओढून नीट झाकलं. दोन मिनिटांचं काम. माझ्या आठ ठिकाणच्या मातीतून तिने एकच निवडली, कोरडी, मऊ, चाळल्यासारखी. आपण बी पेरायला जी माती तयार करतो ना ताई, अगदी तीच माती मांजराला संडासला लागते. आपल्या काळ्या मातीत तर ती अजूनच निवडून काढणार, कारण बाकी सगळं अंगण एकतर चिकट नाहीतर भेगाळलेलं दगड, मऊ म्हणून असतो तो फक्त आपला वाफा.

म्हणून मी म्हणते की मांजर हाकलत बसू नका, वाफा बंद करा. म्हणजे तिला उकरता येणार नाही आणि बसायला जागा सापडणार नाही एवढंच करायचं.

त्याला आपल्याकडे पऱ्हाटीसारखी, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांसारखी वस्तू नाही. आत्ता जानेवारी आहे, कपाशी उपटणं चालूच असेल, कोणाच्याही शेतावरून एक मोळी मिळेल, भरिताची वांगी भाजायला आणतो तशीच. फक्त आणताना एक बघा, काड्यांना लागलेली न फुटलेली, किडकी बोंडं सगळी तोडून तिथेच जाळून या, त्यात गुलाबी बोंडअळी दडून बसलेली असते, म्हणून तर पऱ्हाटीचे ढीग घराशेजारी रचून ठेवू नका असं कृषी खात्याचे लोक दर वर्षी सांगतात. फवारणी होऊन महिना-दीड महिना झालेल्या शेतातली आणा. पऱ्हाटी नसली तर तुराट्या चालतात, पण पऱ्हाटीला त्या वेड्यावाकड्या फांद्या असतात ना, त्याचाच उपयोग असतो.

काड्या हातभर लांबीच्या तोडायच्या. बी पेरून झालं, पाणी दिलं, की आधी एका दिशेने आडव्या टाकायच्या, दोन काड्यांमध्ये चार बोटांचं अंतर, मग त्यावर उभ्या, तेवढ्याच अंतराने, म्हणजे वरून बघितलं तर बाजेच्या विणीसारखं दिसलं पाहिजे. नुसतं वर ठेवून द्यायचं नाही, नाहीतर मांजर पंजाने सरकवतं, मी ते पण बघितलंय. कडेच्या काड्यांची टोकं तिरपी मातीत खोचायची आणि जिथे दोन काड्या एकमेकींवर येतात तिथे तीन-चार ठिकाणी सुतळीची गाठ मारायची. चार बोटांच्या खिडकीतून मेथी, पोकळा, कोथिंबीर आरामात वर येते आणि मांजराला मात्र पाय ठेवून फिरायला, उकरायला, बसायला जागाच राहत नाही. ते येईल, एक पंजा घालेल, काडी टोचेल, निघून जाईल. तीन-चारदा असं झालं की त्या वाफ्याचं नाव सोडतं. माझ्या वाफ्यावर साधारण पंधरा दिवस लागले, पहिले चार-पाच दिवस कडेच्या दोन-तीन काड्या रोज सरळ कराव्या लागायच्या. बोरीच्या, बाभळीच्या काट्या टाकू नका, त्याने पंजात काटा मोडतो आणि उद्या तण काढताना तो तुमच्याच हातात जाणार आहे.

एवढा खटाटोप नको असेल तर कोंबडीची जाळी घ्या, ती जमिनीला टेकवून पसरायची आणि कडा विटांनी दाबायच्या. वांगी-मिरचीच्या बुडाशी केळीची वाळलेली पानं जाड थराने अंथरा, आपल्या जळगाव जिल्ह्यात केळीच्या पानाला तोटा नाही, त्याने पाणी पण कमी लागतं. पण बारीक भुसा, लाकडाचा चुरा, नुसती वाळू असलं काही अंथरू नका, ते म्हणजे मांजराला आमंत्रणच.

पेरल्यावर पहिले काही दिवस गोणपाट ओलं करून वाफ्यावर टाका आणि त्याच्यावर काड्या. मेथी तीन ते पाच दिवसात उगवते, कोथिंबिरीला आठ-दहा लागतात, कोंब दिसला की त्या दिवशीच गोणपाट काढायचं, उद्यावर ठेवलं की कोंब पिवळे पडून लोळतात. तुमच्याकडे ठिबक असेल तर दोन नळ्यांच्या मधली जी कोरडी पट्टी राहते तिथेच मांजर बसतं, तिथे काड्या दाट टाका. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येत असेल तर सगळी माती ओली ठेवणं शक्य नाही हे मला माहितीये, म्हणून तर काड्यांवर भर देतेय.

वासाचं आता. जिथे एकदा शी झाली तिथे मांजर परत येतं कारण तिला तिचा वास येतो, आपल्याला आला नाही तरी. त्यामुळे नुसतं वरचं उचलून चालत नाही, खुरपीने चार बोटं खोल माती काढून टाका आणि तिथे दुसरी माती दाबून भरा. फरशीवर, भिंतीवर बोक्याने धार मारली असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन मग पांढरं व्हिनेगर पाण्यात घालून पुसा, अमोनियाचा वास असलेलं क्लीनर वापरू नका, मांजराच्या मुताला पण तसाच वास असतो, त्याला वाटतं इथे दुसराच कोणी येऊन गेला आणि ते अजून जोराने धार मारतं. संत्र्या-मोसंबीची सालं टाका म्हणतात, टाका, नुकसान काही नाही, पण दोन दिवसात सुकली की वास गेला आणि त्याच्या भरवशावर मेथी वाचत नाही. सतापचा वास मांजराला नको असतो असं जुने लोक सांगतात, कुंडीत लावायला हरकत नाही, पण त्याचा रस हाताला लागला आणि तसंच उन्हात गेलात तर कातडीला फोड येतात, आणि आपल्याकडचं ऊन काय असतं ते काही तुम्हाला सांगायला नको. गवती चहा लावा म्हणजे मांजर येत नाही असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका, मांजरं गवती चहाची पाती आवडीने चावतात.

आणि ही एक गोष्ट फार कमी जणांना माहिती असते. तुमच्या वाफ्यात, कुंड्यांच्या फटीत खोकली नावाचं तण असेल, हातभर उंच, करवतीच्या दात्यासारख्या कडा असलेली पानं, उभ्या दांडीवर हिरव्या वाट्यांसारखं काहीतरी लागतं. ह्याच्या मुळाला मांजर वेडं होतं. उपटून बाजूला टाकलं की मुळाचा वास सुटतो आणि गल्लीतली मांजरं येऊन त्याच्यावर लोळतात, चाटतात, लाळ गाळतात. आपण बायका तण उपटतो आणि तिथेच वाफ्याच्या कडेला ढीग करून ठेवतो, वाळलं की टाकू म्हणून. खोकली असेल तर ती उपटल्या उपटल्या पिशवीत भरून अंगणाबाहेर काढा.

लाल पाण्याच्या बाटल्या काढून टाका, त्याने कुत्रं पण जात नाही आणि मांजर पण नाही, उगाच भिंतीवरची जागा अडते. आवाज करणारी मशीनं ऑनलाइन मिळतात, काही मांजरं बिचकतात, काहींना चार दिवसात सवय होते, मी तरी त्यात पैसे घालणार नाही. आणि तुमचं ते पांढरं, निळ्या डोळ्यांचं, त्याला ऐकूच येत नसणार हो ताई! पांढऱ्या रंगाची आणि दोन्ही डोळे निळे असलेली मांजरं बऱ्याचदा जन्मापासून बहिरी असतात. ते कोडगं नाहीये, त्याला तुम्ही ओरडताय हेच कळत नाही. त्याला हुसकवायचं असेल तर समोरून जा, त्याला तुम्ही दिसल्या पाहिजेत, हात हलवा, नाहीतर जमिनीवर पाय आपटा, ती धडधड त्याला पंजातून कळते. मागून एकदम जाऊन हात लावू नका, दचकून ओरबाडेल. ओरबाडलं किंवा चावलं, कुठल्याही मांजराने, तर लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या इंजेक्शनचं विचारायचं, हळद-चुना लावून घरी बसायचं नाही.

आता काकू. ताई, मला सगळ्यात जास्त वाईट ह्या भांडणाचं वाटलं. त्या दूध-पोळी घालतात यात वाईट काही नाही, पण तोंडाची सोय केली आणि दुसऱ्या टोकाची नाही केली, तिथे चुकलं. वाफे बंद केले की मांजरं तिसरी जागा शोधणार, मग ती जागा आपणच दिलेली बरी, आणि ती काकूंच्या अंगणात पाहिजे. एक जुनं घमेलं घ्या, नाहीतर दोन बाय दोन फुटाचा कोपरा विटा लावून करा, त्यात वीतभर बारीक कोरडी वाळू, बांधकामाची चाळलेली चालते. आडोशाला ठेवायचं, खाण्याच्या वाटीपासून लांब, कारण मांजर जेवते तिथे घाण करत नाही. सुरुवातीला वाफ्यातली थोडी शी खुरपीने उचलून त्या वाळूत ठेवायची म्हणजे वासाने त्यांना कळतं. रोज सकाळी गोळे काढायचे, आठवड्याने वाळू बदलायची. ते काढलेलं कंपोस्टमध्ये टाकायचं नाही, पिशवीत बांधून घंटागाडीत.

हे काकूंना सांगायचं कसं, बोलणं बंद आहे. संक्रांत झालीय, रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, त्यांना बोलवा. मुलाला पाठवू नका, स्वतः दारात जा. पहिल्या दिवशी मांजराचा विषयच काढायचा नाही, तिळगूळ, वाण, सुनेचं कसं चाललंय, एवढंच. दोन दिवसांनी वाळू आणि घमेलं घेऊन जा आणि सांगा की काकू, माझ्याकडे सुनेला दिवस आहेत, डॉक्टर म्हणतात मांजराची घाण जवळ नको, तुम्ही मला मदत करा. "तुमची मांजरं" म्हणून सुरुवात केलीत की परत भांडण होणार, "मदत करा" म्हणालात तर बहुतेक बायका नाही म्हणत नाहीत. आणि खरं सांगू का, त्या मांजरांमुळे तुमच्या गल्लीत उंदीर-घुशी कमी असतील, तेही आपलं मान्य करावं.

पोत्यात भरून गिरणा नदीच्या पुलापलीकडे सोडून येतो असं म्हणणारे पण भेटतील. नका करू. काही मांजरं चालत परत येतात, काही वाटेत गाडीखाली जातात, आणि जागा रिकामी झाली की दुसऱ्या गल्लीतली येऊन बसतात कारण दूध-पोळी आणि मऊ माती तिथेच आहे. संख्या वाढू द्यायची नसेल तर एकच उपाय, नसबंदी. मांजरी चार-सहा महिन्यांची झाली की माजावर येते, दोन महिन्यांनी तीन-चार पिल्लं, वर्षातून दोन-तीनदा, मग ती पिल्लं घेऊन सात घरं फिरणार, त्यातलं एक तुमचं. बोक्याचं ऑपरेशन झालं की भिंतीला धार मारणं आणि रात्रीचं ओरडणं पण बऱ्यापैकी कमी होतं. तालुक्याच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात विचारा, तिथे होत नसेल तर जळगावला कुठे होतं ते डॉक्टरच सांगतील. खर्च गल्लीतल्या चार घरांनी वाटून घ्या, आधी मांजरींचं करा, बोक्यांचं नंतर.

आणि सूनबाई. तुम्हाला ज्याने सांगितलं त्याने अर्धवट सांगितलंय म्हणून नीट सांगते. टोक्सोप्लाझ्मा नावाचा एक जंतू असतो, त्याची अंडी मांजराच्या विष्ठेतून पडतात. प्रत्येक मांजराच्या, रोज, असं नाही, मांजराला पहिल्यांदा लागण होते तेव्हा साधारण एक ते तीन आठवडे पडतात. आणि ताज्या विष्ठेतून लगेच लागण होत नाही, ती अंडी पिकायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणूनच रोजच्या रोज उचललं तर धोका खूप कमी होतो आणि मातीत तसंच पडू दिलं तर तिथे ती महिनोन्‌महिने जिवंत राहतात. अंगणातून मांजर गेलं, सुनेने त्याला बघितलं, चुकून हात लागला, याने काही होत नाही, तिला घाबरवून खोलीत बसवू नका. धोका आहे तो मातीत हात घालून तसाच तोंडाला लावण्यात, न धुतलेल्या भाजीत आणि अर्धवट शिजलेल्या मटणात, हे मटणाचं लोक विसरतात. गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर बाळापर्यंत जाऊ शकतं, म्हणून पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारा, रक्ताची तपासणी असते, गरज वाटली तर ते करून घेतील.

घरात नियम एवढाच की वाफ्याचं आणि मांजराच्या घाणीचं काम सुनेने करायचं नाही, तुम्ही किंवा मिस्टरांनी करायचं, हातमोजे घालून, नंतर साबणाने हात धुऊन, नखं पण. खुरपी आणि चपला बाहेरच. वाफ्यातली भाजी आधी पाण्यात बुडवून माती खाली बसू द्यायची, मग वाहत्या पाण्याखाली दोन-तीनदा पानं चोळून धुवायची आणि तिला शिजवूनच द्यायची. आपल्याकडे भाकरीबरोबर कच्ची मेथी, कांदा, शेंगदाणे खायची सवय असते, सातव्या महिन्यात तिला खावीशी वाटेल पण तेवढं सध्या बंद ठेवा, कोथिंबीर पण वरून कच्ची भुरभुरवू नका, फोडणीत घाला.

ही जी मेथी आत्ता पेराल ती महिन्याभरात निघेल. तीच काड्यांची जाळी उचलून बाजूला ठेवा, फेब्रुवारीच्या शेवटी परत वाफा टाका, वर थोडी शेडनेट बांधा कारण मार्चचं ऊन लागलं की मेथी कडू होते आणि लवकर फुलावर येते. सूनबाई बाळंत होईल तोवर तो वाफा खुडायला आलेला असेल, बाळंतिणीला मेथीची भाजी लागतेच, लसणाच्या फोडणीत चांगली शिजवून द्या.